दिल्ली लाइनवरचं पोट

"श्वास आत घ्या," मी म्हणाले.

"घेतला की," सिद्रामप्पा म्हणाले.

कागद तरीही खाली पडेना.

सिद्रामप्पा ट्रकच्या केबिनमध्ये स्टिअरिंगच्या मागं बसले होते. मी फूटबोर्डावर चढून, एका हातानं दरवाजा धरून, त्यांचं पोट आणि स्टिअरिंग यांच्यामधली जागा मोजायला गेले होते. पट्टी आत शिरलीच नाही. म्हणून वहीतला कागद फाडून सरकवला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा तिथंच अडकून राहिला. खाली मस्तानभाई उभे होते. ते म्हणाले, "बाई, उसपे तारीख लिख के रखो. अगले साल तक नई गिरता."

हसू नका. मी तेव्हा अजिबात हसले नव्हते. मी बावीस वर्षांची होते, पुण्याहून होम सायन्सची पदवी घेऊन नुकतीच सोलापुरात आत्याकडे राहायला आले होते, आणि जगातल्या सगळ्या आजारांचं मूळ लोकांनी माझी वही न वाचण्यात आहे अशी माझी खात्री होती.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कॅन्टीन सुपरवायझर होते. सोलापुरी चादरी आणि टॉवेलच्या गाठी भरून आमचे ट्रक दिल्लीला जायचे. कामगार वाढले तसं कायद्यानं कॅन्टीन ठेवणं भाग पडलं, आणि इन्स्पेक्टर आला तर दाखवायला एखादी शिकलेली मुलगी बरी, म्हणून शेठनी मला ठेवलं. माझं काम म्हणजे आमटीत मीठ आहे की नाही ते बघायचं. मी मात्र टेबलावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवून ठेवली होती: आहारतज्ज्ञ. दोन दिवसांत सगळे मला 'डाएटबाई' म्हणायला लागले. मला तो बहुमान वाटला.

तर सिद्रामप्पा. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचे, घरात कानडी बोलणारे, पन्नाशीचे ड्रायव्हर. वीस वर्षं दिल्ली लाइनवर. लाइन म्हणजे ठरलेला लांबचा रस्ता. लांबच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असतात. त्यातल्या थोरल्याला 'उस्ताद' म्हणतात. सिद्रामप्पा उस्ताद, आणि मस्तानभाई त्यांचे जोडीदार.

त्या वेळच्या ट्रकचं स्टिअरिंग वळवायचं म्हणजे विहिरीवरचा रहाट ओढण्यासारखं काम. दोन्ही हात एकमेकांवरून पुरते फिरावे लागत. गणपतीच्या आठवड्यात गोडाऊनच्या फाटकातून गाडी काढताना उस्तादांचे हात फिरले, पण मध्ये पोट आलं. वळण अर्धं राहिलं आणि फाटकाचा खांब आडवा झाला. शेठनी त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं. डॉक्टरांनी वजन बघितलं, ब्लडप्रेशर बघितलं आणि मान हलवली.

शेठनी मला बोलावलं. "बाई, दिवाळी झाली की डॉक्टर परत तपासणार. तोवर चालू दे. त्यांनी फिटनेसचा कागद दिला तर उस्ताद पुढंही दिल्लीला. नाही तर फाटकावर."

"फाटकावर म्हणजे?"

"वॉचमन."

दाराबाहेर उभ्या असलेल्या सिद्रामप्पांनी ते ऐकलं. आत येऊन हळू आवाजात म्हणाले, "शेठ, वीस वर्सं गाडी चालिवली. आता खुर्चीत बसून दुसऱ्याच्या गाडीला सलाम मारायचा व्हय मी?"

शेठ खिडकीबाहेर बघायला लागले. मी पुढं झाले. "शेठ, माझ्यावर सोडा. शास्त्रीय पद्धतीनं करू."

बाविसाव्या वर्षी माणूस 'शास्त्रीय पद्धतीनं' किती सहज म्हणतो!

मी तक्ता तयार केला. सकाळी अर्धा ग्लास मोसंबीचा रस, दोन टोस्ट, लोणी नाही. दुपारी कोबीचं सूप, काकडी, एक पोळी. संध्याकाळी उकडलेली भाजी. प्रत्येकापुढं कॅलरी. कॅलरी म्हणजे अन्नातून अंगाला किती ताकद मिळते ते मोजायचं माप. मस्तानभाईंनी विचारलं, "ये कॅलरी गरम खाते क्या ठंडी?" मी त्यांना ओरडले. भाकरी आणि शेंगाचटणीवर लाल फुली मारली होती. सोलापुरात बसून शेंगाचटणीवर फुली! आत्यानं तो तक्ता वाचला आणि मला विचारलं, "ह्या माणसाला मारायचंय का?"

व्यायामही लिहिला होता. रोज शंभर दोरीवरच्या उड्या.

"कुठल्या दोरीवर, बाई?" सिद्रामप्पांनी खरोखर विचारलं. त्यांच्याकडं ताडपत्री बांधायची दोरी होती. माझ्या मनगटाएवढी जाड.

ट्रक दिल्लीला गेला. बारा दिवसांनी परत आला. मी धावत केबिनपाशी गेले. तक्ता देवाच्या फोटोशेजारी चिकटवलेला होता आणि त्याला झेंडूचा हार घातलेला होता.

"रोज बघता ना?" मी विचारलं.

"रोज उदबत्ती दावतो की."

आता वजन. कंपनीत वजनाचा काटा एकच, गाठी मोजायचा. जमिनीवर लाकडी फळी, बाजूला लोखंडी दांडी, दांडीवर सरकणारं पितळी वजन. ते सरकवण्याचा मान हमालांचे मुकादम भीमराव यांचा. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. पहिल्या खेपेनंतर सिद्रामप्पांचं वजन दीड किलो वाढलं होतं. मी दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

दुसऱ्या खेपेनंतर भीमरावांनी बोटानं पितळी वजन सरकवलं आणि म्हणाले, "दोन किलो कमी."

तिसऱ्या खेपेनंतर, "आणि तीन कमी."

मी रजिस्टरमध्ये आलेख काढला. आलेख म्हणजे खाली उतरत जाणारी लाल रेघ. ती घेऊन शेठकडं गेले, आत्याला दाखवली, पुण्याला कॉलेजच्या बाईंना पत्र लिहिलं. सिद्रामप्पांची पँट तेवढी दिवसेंदिवस घट्ट दिसत होती. धुण्यानं आटली असेल, असं मी स्वतःला समजावलं. विज्ञानात निरीक्षणाला फार महत्त्व आहे, असं मी त्याच पत्रात लिहिलं होतं.

दिवाळी झाली. डॉक्टरांनी सिद्रामप्पांना आपल्या काट्यावर उभं केलं. मग उतरवलं, काटा तपासला, परत उभं केलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, तुम्ही यांना कमी करताय की वाढवताय? मागच्या वेळेपेक्षा चार किलो जास्त आहेत."

शेठनी मला बसायलासुद्धा सांगितलं नाही. "गड्ड्यापर्यंत शेवटची संधी," म्हणाले. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. "तोपर्यंत डॉक्टरांचा कागद नाही मिळाला, तर फाटक. तसं मी कागदावर लिहून टाकलंय."

मी तडक गोडाऊनमध्ये गेले आणि स्वतः काट्यावर उभी राहिले. भीमरावांनी सवयीनं बोट लावलं. मी आठवीत होते तेवढी भरले.

"मुकादम!"

भीमरावांनी टोपी काढली. "बाई, खरं सांगू का? गाठीचं वजन कमी दावायची बोटाला सवयच हाय. गाडीत माल जास्ती भरायचा असला की दावावं लागतंय."

"पण उस्ताद काय गाठ आहेत?"

"पयल्या खेपंला वजन वाढलं आन् तुमी डबा न खाता बंद केला. मला बगवंना. म्हटलं, पोरगी उपाशी ऱ्हाती, त्यापेक्षा उस्तादला जरा हलका करू."

म्हणजे मी ड्रायव्हरला उपाशी ठेवू बघत होते आणि अख्खं गोडाऊन मला जेवायला लावायच्या खटपटीत होतं. मी रडले. मग लाजले. मग चिडून ठरवलं, की हा माणूस नेमकं काय खातो ते आपण डोळ्यांनी बघायचं.

"मी मोडनिंबपर्यंत ट्रकमधून जाणार," मी शेठना सांगितलं.

"बाई, ट्रकमधून?"

"दिवसाढवळ्या. परत एस.टी.नं येईन."

आत्यानं दोन दिवस अबोला धरला. मी वही, पेन्सिल आणि उलटीसाठी आवळासुपारी घेऊन निघाले.

गाडी गावाबाहेर पडली न पडली तोच नाक्यावर थांबली. चहावाला खिडकीशी चहा घेऊन हजर. उस्तादांच्या कपात साखर इतकी, की चमचा उभा राहील. मी पेन्सिल काढली.

"नाही म्हणा की," मी कुजबुजले.

"कसं म्हणू, यव्वा? माझ्या घरचा निरोप ह्योच ठेवतोय. पोरीला बाळ झालं, ते मला ह्यानंच सांगितलं. हितं चा प्यालो न्हाय तर निरोप कुटं ठिवायचा घरच्यांनी?"

त्या वेळी फोन कुणाकडं होता! मी पेन्सिल खाली ठेवली. मलाही चहा आला. मला नाही म्हणता आलं नाही.

मोहोळला पंक्चरवाला. त्यानं गरम भज्यांचा पुडा खिडकीतून आत सरकवला. मागं एकदा टायर फुटला तेव्हा हा माणूस सायकलवर जॅक बांधून आठ मैल आला होता. मी चार भजी खाल्ली.

मोडनिंबला कोंडाबाईंची खानावळ. कोंडाबाई कमरेला पदर खोचून बाहेर आल्या. "उस्ताद, वाळलात की वो!" असं म्हणून त्यांनी ताट वाढलं. दोन ज्वारीच्या भाकरी, वर तेलाचा तवंग आलेली आमटी, बेसन, भाताचा डोंगर, शेवटी लाडू. मी खूण केली. उस्तादांनी मान खाली घातली. "पावसात गाडी रुतली तवा ह्या माउलीनं सोताची बैलं जोडून बाहेर काढली. हिच्या ताटाला न्हाय म्हणू व्हय?"

"ही कोण? सुकलेली पोर?" कोंडाबाईंनी मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझंही ताट वाढलं. मी "बास" म्हटलं की त्या आणखी एक पळी वाढत. एस.टी.त बसायच्या आधी मला आडोशाला जाऊन निऱ्या सैल कराव्या लागल्या.

आणखी एक गोष्ट मी बघितली. मस्तानभाई उस्तादांच्या बरोबरीनं खात होते आणि काठीसारखे होते. कारण गाडी थांबली की ते उडी मारून खाली. टॉमी नावाच्या लोखंडी कांबीनं सगळे टायर ठोकून बघ, दोऱ्या ताण, काच पूस. उस्ताद मात्र केबिनमधून उतरायचेच नाहीत. चहा वर, भजी वर. मोडनिंबला फक्त जेवायला उतरले, आणि लगेच दोघेजण धावत आले, "काय बिघडलं, उस्ताद?" उस्ताद खाली उतरला म्हणजे गाडी बिघडली, असा लाइनवरचा समज. पाय मोकळे करायलाही त्यांना कारण लागत होतं.

परत आल्यावर मी विचार केला आणि मला फार हुशार कल्पना सुचली. "पुढच्या खेपेला सांगा, उपास आहे."

तुम्ही वाचक शहाणे आहात, तुम्हाला पुढचं कळलं असेल. मला कळलं नव्हतं. खेप संपवून आल्यावर मस्तानभाईंनी बोटं मोजत हिशेब दिला. "मोहोल में साबुदाने की खिचडी. मोडनिंब में रताळे का कीस, राजगिरे के लड्डू. नगर में केले. इंदौर में तो रबडी. उपास वाले को सब पकड पकड के खिलाते बाई, पुन्न मिलता बोलके."

मुकादम भीमराव काट्याशी उभे होते. पितळी वजनाला बोट न लावता, आता अगदी प्रामाणिकपणे, मला म्हणाले, "सांगू का बाई, का आदी बसता?"

मी पोत्यावर बसले. सिद्रामप्पा काट्यावरून उतरले आणि फाटकाकडं बघत उभे राहिले. वॉचमनची रिकामी खुर्ची तिथंच उन्हात होती.

मस्तानभाईंनीच कोंडी फोडली. "उपास नक्को. मन्नत बोलो, मन्नत. उपास वाले को खिलाया तो पुन्न. मन्नत वाले की मन्नत तोडी तो पाप. कौन लेता पाप?"

मी टाळी वाजवली. "बरोबर! उस्ताद, सांगा सगळ्यांना, नवस बोललाय म्हणून."

सिद्रामप्पा ताडकन वळले. एवढ्या महिन्यांत ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "देवाच्या नावानं खोटं बोलायचं? ते जमायचं न्हाय. बोलायचा तर खरा बोलीन."

मग आमची घासाघीस झाली. साखर बंद, तळलेलं बंद. ताट एकदाच वाढून घ्यायचं, दुसऱ्यांदा नाही. एवढ्यावर लवकर जमलं. मी भाकरी काढायला निघाले तर उस्ताद म्हणाले, "मग नवस तुमीच बोला." भाकरी राहिली. शेंगाचटणी चमचाभर राहिली. चालण्याचं काय करायचं ते कळेना. शेवटी मी म्हणाले, "गाडी थांबेल तिथं गाडीला प्रदक्षिणा घाला. एकवीस."

"पाच."

"एकवीस!"

"बाई, ट्रक हाय, तुळस न्हाय. अकरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. मस्तानभाई चपला सांभाळत बाहेर थांबले. सिद्रामप्पांनी हात जोडले आणि सगळ्या अटी मोठ्यानं सांगितल्या, एकही न गाळता. "माझी गाडी माझ्या हातात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मग जाता जाता, मी शेजारी उभी असताना, म्हणाले, "आन् ह्या पोरीला थोडी अक्कल दे." दोन्हींपैकी एक मागणं लवकर पुरं झालं. दुसऱ्याला वेळ लागला.

पुढचं सगळं मला मस्तानभाईंकडून कळलं. नाक्यावर उस्ताद केबिनमधून उतरले आणि ट्रकभोवती चालायला लागले, तसा चहावाला घाबरून किटली घेऊन मागं मागं फिरला. मोहोळला पंक्चरवाला जॅक घेऊन धावत आला, नवसाचं कळल्यावर जॅक खाली ठेवून त्यानंही दोन फेऱ्या मारल्या. मोडनिंबला कोंडाबाईंनी ताटातला लाडू स्वतःच उचलला, आमटीवरचं तेल पळीनं काढलं आणि वर ताक वाढलं. दुसऱ्या एका ड्रायव्हरनं गंमत म्हणून उस्तादांपुढं जिलेबी धरली, तर त्या अंगावर धावून गेल्या. "मुडद्या, देवाच्या कामात मोडता घालतोस?"

माझ्या तक्त्यावर नजर ठेवायला मी एकटी होते. ह्या नवसावर सोलापूर ते दिल्ली सगळा रस्ता नजर ठेवून होता. पुढं इंदूरकडचे ड्रायव्हरसुद्धा विचारायला लागले, की ते गाडीला फेरे मारणारे महाराज कुठवर आले? उस्तादांना तेही आवडायला लागलं. कपाळावर भस्माचे पट्टे आले. अकराच्या कधी कधी पंधरा प्रदक्षिणा व्हायच्या, बघणारे जास्त असले तर.

गड्ड्याच्या चार दिवस आधी परत डॉक्टरांकडं. ह्या वेळी शेठ स्वतः आले होते. भीमराव हमालांना सोडून आले होते. मस्तानभाई दारात. डॉक्टरांनी सिद्रामप्पांना काट्यावर उभं केलं. भीमराव मान लांब करून बघायला लागले तसं मी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले.

"नऊ किलो कमी," डॉक्टर म्हणाले. ब्लडप्रेशरचा पट्टा बांधला, फुगवला, सोडला. परत फुगवला. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला होता, एकट्या उस्तादांना सोडून. "हेही खाली आलंय. अगदी हवं तेवढं नाही, पण गाडी चालवायला हरकत नाही." त्यांनी कागदावर सही केली.

मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "कुठला डाएट दिला होता, बाई?"

आता खरं सांगायला काय हरकत होती? पण शेठ ऐकत होते. मी मान ताठ करून म्हणाले, "लो कॅलरी डाएट, विथ ग्रेडेड वॉकिंग."

"आन् अकरा प्रदक्षिणा," सिद्रामप्पा म्हणाले.

"ग्रेडेड वॉकिंग म्हणजे तेच," मी म्हणाले.

"हां," मस्तानभाई दारातून म्हणाले, "अंग्रेजी में भगवान को ऐसाच बोलते."

शेठ पहिल्यांदा हसले. सिद्रामप्पांनी कागद घेतला, दोनदा घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि त्यावर हात ठेवूनच घरी गेले. गड्डा संपला, नवस फिटला, आणि कोंडाबाईंनी पुरणपोळ्यांचा ढीग करून त्यांची वाट बघितली. पंधरा दिवस उस्तादांनी पोटभर खाऊन घेतलं. मग परत देवळात जाऊन नवा नवस बोलले. पुढं दर वर्षी तेच. दिल्ली लाइन त्यांनी आणखी बरीच वर्षं चालवली.

मी नंतर एका हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून लागले, ह्या वेळी पाटी दुसऱ्यांनी रंगवलेली होती. तिथल्या छापील फॉर्मवर पहिला प्रश्न होता: काय खाता? मी तो खोडून वर पेननं लिहायची: कोण खायला घालतं? पेशंट सासूचं, साहेबाचं, शेजारणीचं नाव घ्यायचे, आणि तिथून पुढं माझं काम सोपं व्हायचं. एका तरुण डॉक्टरांनी मला विचारलंही, हा प्रश्न कुठल्या कॉलेजात शिकवतात?

मी म्हणाले, मोडनिंबला.